सहा टाय फायटर आणि एक डावं वळण

‘स्टार वॉर्स’च्या लढाऊ यानांचा टेबलावरचा खेळ, तिसरी फेरी. माझी सहा टाय फायटर टेबलाच्या उजव्या कडेने वर सरकत आलेली. तीन आडवी, दोन रांगांत, बेसला बेस चिकटवून. डावीकडे, टेबलाच्या मधोमध, मामेभावाची तीन एक्स-विंग माझ्या बाजूला येत होती. मला फक्त एक गोष्ट करायची होती: सहाही याने नव्वद अंशात डावीकडे वळवून त्यांच्यासमोर उभी करायची. सहा चकत्या उलट्या करून ठेवल्या, एकेक उघडली आणि पाच मिनिटांत माझं फॉर्मेशन दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहाला होतं तसं झालं. सहापैकी चार याने एकमेकांवर आपटून जागीच अडकली.

हे प्रकरण त्या एका वळणाचं आहे. डाव मी हरलो, ते मोठंसं नाही. पण त्या रात्री स्टीलची पट्टी घेऊन आम्ही दोघं त्या वळणाच्या मागे लागलो. रांगेत उडायचं म्हणजे काय, याबद्दलची माझी समजूत तेव्हा मुळातून चुकलेली निघाली.

खेळ कोणता, ते आधी. फॅन्टसी फ्लाइट गेम्सने २०१२ साली काढलेला ‘स्टार वॉर्स: एक्स-विंग’ हा लघुप्रतिकृतींचा खेळ. त्याची दुसरी आवृत्ती २०१८ साली आली, २०२० मध्ये खेळ अ‍ॅटॉमिक मास गेम्सकडे गेला आणि २०२४ मध्ये त्यांनी पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. आम्ही अजून पहिलीच आवृत्ती खेळतो, कारण आमच्याकडे आहे ती तीच. मैदान तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. कॅरमचा बोर्ड आतून ७४ सेंटिमीटर असतो, त्याहून थोडं मोठं. चौकटी नाहीत, षट्कोन नाहीत. प्रत्येक यानाला ४० मिलिमीटरचा चौकोनी बेस आणि एक चकती. चकतीवर चाल गुपचूप लावायची. सगळ्यांच्या लावून झाल्या की एकेक उघडायची, तेवढ्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी यानाच्या नाकाला लावायची आणि यान उचलून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. पट्ट्या तीन जातींच्या: सरळ, ४५ अंशांची हलकी वळणं आणि ९० अंशांची कडक वळणं. मनात आलं म्हणून ‘थोडंसं अलीकडे’ थांबता येत नाही. पट्टी नेईल तिथे जायचं.

यान जिथे पोचणार तिथे आधीच दुसरं कोणी असेल तर पट्टीवरूनच मागे सरकत यायचं, जिथे जागा मिळेल तिथे थांबायचं, आणि त्या फेरीतली कृती सोडायची. याला आम्ही सरळ ‘आपटणं’ म्हणतो. शिक्षा दिसते तेवढी लहान नाही. कृती गेली म्हणजे फोकस गेला. फोकस नाही म्हणजे नेमही कच्चा आणि बचावही.

त्या दिवशी दोन्ही बाजू ७८ गुणांच्या होत्या. माझ्याकडे १८ गुणांची हाउलरनर नावाची पायलट आणि १२-१२ गुणांचे पाच अकॅडमी पायलट. त्याच्याकडे वेज अँटिलिस (२९), ल्यूक स्कायवॉकर (२८) आणि एक रूकी, म्हणजे नवखा पायलट (२१). टाय फायटर म्हणजे पत्र्याचा डबा: हल्ल्याचे दोन फासे, बचावाचे तीन, सोसण्याची ताकद तीन, ढाल शून्य. एकटं टाय एक्स-विंगसमोर टिकत नाही. मग लोक त्यांचा थवा का उडवतात? हाउलरनरमुळे. तिच्यापासून टप्पा एकच्या आत, म्हणजे १०० मिलिमीटरमध्ये, असलेलं आपलं दुसरं कोणतंही यान हल्ल्याचा एक फासा पुन्हा टाकू शकतं.

याचा हिशेब एकदा केला पाहिजे, नाहीतर रांगेचा एवढा आटापिटा कशाला ते कळणार नाही. लाल फाशाच्या आठ बाजूंपैकी चारांवर मार बसतो, दोन फोकसच्या, दोन कोऱ्या. दोन फाशांचे सरासरी मार एक. फोकस असेल तर फोकसच्या बाजूही मार धरल्या जातात, म्हणून दीड. फोकस आणि हाउलरनर दोन्ही असतील तर सुमारे १.८३. हाउलरनरला स्वतःची सवलत मिळत नाही, म्हणून ती दीडवरच. सगळा थवा नीट जमून आला की एका फेरीत साधारण १०.६ मार टेबलावर पडतात. समोरचा बचावाचे फासे टाकणारच, तरी पाच ताकदीचं एक एक्स-विंग दर फेरीला पडावं एवढा हा मारा आहे. थव्याची कमाई ती एवढीच, आणि ती सगळी १०० मिलिमीटरच्या वर्तुळात राहण्यावर आणि न आपटण्यावर उभी आहे.

आता ते वळण. मी विचार केला तो शाळेच्या कवायतीतून आलेला. तीन मुलं हातात हात घालून कोपऱ्यावर वळतात तेव्हा आतला जवळजवळ जागेवर वळतो, मधला मध्यम पावलं टाकतो, बाहेरचा लांब ढांगा टाकतो. मी तसंच लावलं: आतल्या उभ्या रांगेला कडक वळण एक, मधलीला दोन, बाहेरच्या रांगेला तीन. हाउलरनर मागच्या रांगेत, बाहेरच्या टोकाला.

आतलं पहिलं यान छान वळलं. मधल्याची पट्टी लावली तर त्याची जागा आतल्याच्या बेसवर चढत होती. मागे सरकवलं. पट्टीवरून मागे सरकलं की वळणही अर्धवट राहतं, त्यामुळे ते सुमारे ऐंशी अंशांवर तिरकं अडकलं. त्या तिरक्या यानावर बाहेरचं आपटलं. मागच्या रांगेतलं आतलं यान कसंबसं बसलं, मधलं पुन्हा आपटलं आणि शेवटी हाउलरनरही. सहांत दोन स्वच्छ, चार अडकलेली. वेजने सगळ्यांच्या आधी गोळीबार करून फोकस नसलेलं एक अकॅडमी टाय उडवलं. उरलेल्या पाचांनी मिळून रूकीला झोडपलं, पण तो एका ताकदीवर तग धरून राहिला. पुढच्या फेरीत ल्यूकने हाउलरनर पाडली. त्यानंतरचं लिहिण्यासारखं काही नाही.

मामेभाऊ कॉलेजात तीन वर्षं एनसीसीत होता. डाव आवरता आवरता तो म्हणाला, “दादा, तू ‘बाएं घूम’ केलंस. इथे ‘बाएं मुड’ करायचं असतं.”

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण यात सगळं आलं. ‘मुड’ म्हणजे प्रत्येकाने जागच्या जागी डावीकडे तोंड करायचं. तुकडीचा आकार जमिनीवर जसा होता तसाच राहतो, फक्त सगळ्यांची तोंडं फिरतात. आडवी रांग होती ती आता एकामागे एक होते. ‘घूम’ म्हणजे अख्खी रांग दारासारखी बिजागरीवर फिरते. आतला आखूड पावलं टाकतो, बाहेरचा लांब, आणि वळणानंतरही आडवी रांग आडवीच राहते. परेडमध्ये घूम जमतं कारण माणूस पाऊल हवं तेवढं आखडू शकतो. आमच्या पट्ट्यांना आखडता येत नाही.

मग पट्टी काढली. या खेळातल्या कडक वळणांच्या त्रिज्या, पट्टीच्या मधल्या रेषेवर, सुमारे ३५, ६२.५ आणि ९० मिलिमीटर आहेत. म्हणजे एका वळणातून पुढच्यात जाताना त्रिज्या २७.५ ने वाढते. आणि बेस आहे ४० चा. घूम बरोबर जमायचं असेल तर सगळ्यांची वळणं एकाच बिजागरीभोवती हवीत, म्हणून शेजारच्या दोन यानांच्या मध्यांतलं अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या फरकाएवढं हवं. इथे फरक २७.५, आणि दोन बेस ४० पेक्षा जवळ येऊच शकत नाहीत. चिकटून उडणाऱ्या तिघांना एक-दोन-तीन असं घूम भूमितीनेच बंद आहे. मी कितीही सफाईने पट्ट्या लावल्या असत्या तरी मधलं यान आतल्यावर चढलंच असतं. हात चुकला नव्हता, चालच मुळात शक्य नव्हती. हे कळल्यावर मला विलक्षण बरं वाटलं, ते सोडा.

मग कोणाला घूम जमतं? आतला एक आणि बाहेरचा तीन घेतला तर त्रिज्यांचा फरक ५५. म्हणजे दोन बेसमध्ये १५ मिलिमीटर फट ठेवून उडणारी जोडी एक-तीन घूम अगदी घड्याळासारखं करते. वळून झाल्यावरही शेजारी शेजारी, फट तीच. हलक्या वळणांच्या त्रिज्या ८०, १३० आणि १८० च्या आसपास. टायच्या चकतीवर हलकं एक नाहीच, दोन आणि तीन आहेत. त्यांचा फरक ५०, म्हणजे फट १० मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढी फट ठेवली की दोन्ही जातींचं घूम दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने निभतं. थवा मरत मरत शेवटी दोनच याने उरतात, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

पण जोडीमागे दुसरी जोडी असली की हेही फसतं. हे आम्हाला मांडून बघेपर्यंत सुचलं नव्हतं. पुढच्या जोडीतलं आतलं यान वळून जिथे बसतं, तिथेच मागच्या जोडीतलं बाहेरचं यान वळून येतं. कारण साधं आहे: परेडमध्ये मागची रांग कोपऱ्यापर्यंत चालत येते आणि मग वळते. आमच्या टेबलावर सगळे एकाच फेरीत वळतात, त्यामुळे मागच्या रांगेची बिजागरी पुढच्या रांगेच्या बिजागरीच्या मागे पडते, आणि दोन दारं एकमेकांवर आपटतात. थोडक्यात, घूम ही एकाच आडव्या जोडीची चाल आहे. ठोकळ्याची नाही.

आरमारातल्या लोकांना हा भेद आपल्याआधी कितीतरी वर्षं माहीत होता. २७ मे १९०५ ला त्सुशिमाच्या लढाईत जपानी नौसेनापती तोगोने आपली रांग रशियनांसमोर एकापाठोपाठ एक वळवली; प्रत्येक जहाज त्याच जागी येऊन वळत होतं आणि रशियन तोफा त्या जागेवर मारा करत होत्या. ३१ मे १९१६ ला जटलंडला जर्मन नौसेनापती शेअरने उलट केलं: सगळी जर्मन रांग एकदम मागे फिरवली. त्यात खुबी अशी की वळायला सुरुवात सर्वांत मागच्या जहाजाने करायची, आणि पुढच्याने मागचं वळताना दिसलं की वळायचं, म्हणजे कोणी कोणावर चढत नाही. आपल्या टेबलावर क्रम नेमका उलटा लागतो, ते पुढे येतंच.

त्याच रात्री फोनवरच्या फोटोवरून तिसऱ्या फेरीची मांडणी परत लावली आणि ‘मुड’ करून पाहिलं. सहाही चकत्यांवर एकच चाल: डावं कडक दोन. कडक दोनने यान आहे तिथून ८२.५ मिलिमीटर पुढे आणि ८२.५ डावीकडे जातं. सगळी याने सारखीच सरकली, सारखीच वळली, तर त्यांची आपापसातली अंतरं बदलण्याचा प्रश्नच नाही. सहापैकी पाच स्वच्छ बसली. सहावं केसभर आपटलं, कारण चिकटून उडवताना माझ्या हाताने कुठेतरी एखादा मिलिमीटर खाल्ला होता. बेसला बेस चिकटवून उडवणं फोटोत फार देखणं दिसतं, पण दोन फेऱ्यांनंतर हातांची चूक साठत जाते. करंगळीएवढी फट इथेही लागते, आणि ती आडवी-उभी दोन्हीकडे सारखी लागते. कारण वळणानंतर आडवी फट उभी होते आणि उभी आडवी.

पहिल्या प्रयत्नाच्या मानाने हे सोनं होतं. पण त्यातून नवीन अडचण निघाली. तीन आडवी आणि दोन खोल असलेला ठोकळा आता दोन आडवा आणि तीन खोल झाला होता. पुढची जोडी रूकीपासून टप्पा दोनवर. फटी धरून तिसरी जोडी शंभर-एक मिलिमीटर मागे, म्हणजे टप्पा तीनवर, जिथे बचाव करणाऱ्याला एक फासा जास्त मिळतो. नेम सगळ्यांचा तयार, पण तिघांत एका जोडीचा मार पातळ. शिवाय अशा उभ्या ठोकळ्याला सरळ जाताना त्रास होतो. टायची सर्वांत लहान सरळ चाल दोनची, तिने यान १२० मिलिमीटर पुढे जातं. पुढच्या रांगेत शेवटी हलणारं एखादं यान असेल तर तिसऱ्या रांगेतलं यान बरोबर त्याच्या डोक्यावर येतं.

शेवटी हलणारं यान म्हणजे हाउलरनर. पायलटच्या कौशल्याच्या चढत्या क्रमाने याने हलतात; अकॅडमीचं कौशल्य एक, रूकीचं दोन, हाउलरनरचं आठ. म्हणजे माझी पाच याने आधी हलतात आणि ही बाई सगळ्यांत शेवटी. पाचांचा आपापसातला क्रम माझ्या हातात आहे: पुढचं आधी, वळणाच्या आतलं आधी. जटलंडच्या उलट हेच. पण हाउलरनर जिथे उभी आहे ती जागा पाचांचं हलणं होईपर्यंत मोकळी होत नाही. तिला पुढच्या रांगेत आतल्या टोकाला ठेवली तर दोन आडव्या, तीन खोल ठोकळ्यात मधल्या रांगेचं बाहेरचं यान वळून थेट तिच्या बेसवर येतं. मधल्या रांगेत आत ठेवली तर शेवटच्या रांगेचं बाहेरचं येतं. मागच्या रांगेत, डावीकडे असो की उजवीकडे, कोणीच येत नाही. आम्ही सहाही जागा करून पाहिल्या. मागची रांग हीच तिची जागा. आणि काळजी नको, मागच्या कोपऱ्यातूनही सगळ्यात लांबच्या यानापर्यंतचं अंतर ६०-६५ मिलिमीटरच भरतं, सवलतीच्या टप्प्यात सगळे येतात.

इतकं झाल्यावर उत्तर समोरच होतं, पण मला ते दिसायला चहाची एक फेरी लागली. मुड केल्यावर आकार आडव्याचा उभा होतो ना? मग उभ्यानेच सुरुवात करायची. दोन आडवी, तीन खोल घेऊन उडायचं, आणि वळल्यावर आपोआप तीन आडवी, दोन खोल होतात. गोळीबाराच्या वेळी छाती रुंद हवी, प्रवासात नको.

एक अडथळा होता. मांडणी आपल्या कडेपासून टप्पा एकच्या आतच करावी लागते, म्हणजे १०० मिलिमीटरच्या पट्ट्यात. दहाच्या फटी धरल्या तर तीन खोल ठोकळा १४० मिलिमीटर लांब होतो. तो त्या पट्ट्यात शत्रूकडे तोंड करून मावतच नाही. पण याने कुठेही तोंड करून मांडता येतात. ठोकळा आडवा झोपवला, कडेला समांतर, सगळ्यांची नाकं उजवीकडे, की खोली ९० मिलिमीटर. मावला! आणि इथे नियमांनी एक फुकटची सोय दिली आहे: मैदानात अडथळे म्हणून मांडायचे लघुग्रहाचे तुकडे कोणत्याही कडेपासून टप्पा दोनच्या आत ठेवता येत नाहीत. म्हणजे आपल्या कडेची २०० मिलिमीटरची गल्ली कायम मोकळी. नाहीतर दगडावरून गेलेल्या यानाला फासा टाकून मार खावा लागतो आणि कृतीही बुडते. सहा याने एकाच मापाने वळवणाऱ्याला एक दगड म्हणजे अख्ख्या ठोकळ्याची अडचण. एकट्याची चाल बदलली की तोच बाकीच्यांवर आपटतो.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच ७८ गुणांची याने. मी डाव्या कोपऱ्यात ठोकळा मांडला. नाकं उजवीकडे, दोन उभ्या रांगा. हाउलरनर मागच्या रांगेत, कडेच्या बाजूला. मामेभावाने एकदा माझ्याकडे पाहिलं. “दादा, चुकून आडवी ठेवलीस का?” मी काही बोललो नाही.

पहिल्या फेरीत सगळ्यांना सरळ दोन. दुसऱ्या फेरीत पुन्हा सरळ दोन. कडेने सरकत जाण्यात एक मजा आहे: शत्रूच्या दिशेने आपण एक मिलिमीटरही जात नाही, म्हणून यायचं काम त्याचं. तो सावध झाला होता, अंदाज घेत पुढे येत होता. मी वळणार हे त्याला कळत होतं, कोणत्या फेरीत ते कळत नव्हतं. चकत्या झाकलेल्या असण्याचा फायदा इथे मिळतो.

तिसऱ्या फेरीतही मी थांबलो आणि सरळ दोन लावलं. हे लिहायला सोपं आहे. बसून राहणं अवघड होतं, कारण रूकी टप्पा तीनच्या काठावर आलेला आणि हात शिवशिवत होते. वेजने लांबून एक प्रयत्न केला. टप्पा तीनवर मला बचावाला जास्तीचा फासा मिळाला आणि काही झालं नाही.

चौथ्या फेरीत सहाही चकत्यांवर डावं कडक. प्रश्न होता एक, दोन की तीन. सहाही सारखीच वळणार असल्यामुळे तिन्ही चालतात. फरक फक्त किती पुढे जायचं याचा: ५५, ८२.५ किंवा ११० मिलिमीटर. मुडचा हा एक शांत फायदा आहे, अख्ख्या थव्याचा टप्पा २७.५ च्या पायऱ्यांनी कमीजास्त करता येतो. मी दोन लावलं. पुढचं-आतलं आधी, मग पुढचं-बाहेरचं, मग मधली जोडी, मग मागचं-आतलं. रूकी हलला. मग हाउलरनर उचलली आणि ठेवली तर ती मागच्या रांगेत डाव्या टोकाला, बरोबर आपल्या जागेत. कोणी कोणाला शिवलं नाही. तीन आडवी, दोन खोल, सगळ्यांची नाकं रूकीकडे, सगळ्यांना फोकस. मामेभाऊ खुर्चीतून उठून वरून बघायला आला.

वेजने पुन्हा सगळ्यांच्या आधी मारून पुढच्या रांगेतलं मधलं टाय पाडलं, ते व्हायचंच होतं. बचावाचा एक फासा कमी करण्याचं त्याचं कौशल्य टायसाठी विष आहे. पण उरलेल्यांपैकी चौघांतच रूकी संपला आणि पाचव्याने ल्यूकच्या ढालीचा एक तुकडा काढला. तो डाव मी जिंकलो. फाशांनी साथ दिली हे मान्य. सरासरीपेक्षा माझे फासे त्या दिवशी थोडे उदार होते. वळणाचं श्रेय मात्र मी फाशांना देणार नाही.

एक चूक तरीही केली, ती नोंदवतो. पाचव्या फेरीत मी सगळ्यांना उलटी गिरकी दिली, सरळ तीन जाऊन तोंड मागे. ही लाल चाल, तिने प्रत्येक यानावर ताण येतो आणि कृती मिळत नाही, हे धरलेलंच होतं. धरलं नव्हतं ते असं की उलट तोंड झाल्यावर मागची रांग पुढे येते. हाउलरनर आता सगळ्यांच्या समोर, तीन ताकद, शून्य ढाल, फोकस नाही. ल्यूकने तिला एका हल्ल्यात पाडली. ती गेली की ठोकळा ठेवण्याचं कारणही जातं. तेव्हा मी उरलेली टाय सोडून दिली, ज्याला जिकडे जायचं तिकडे. चिकटून उडण्याची किंमत, म्हणजे एकाच मापात अडकणं, मग कशासाठी भरायची? अनुभवी खेळाडूसुद्धा इथे चुकतात असं मी पाहिलंय. हाउलरनर मेल्यावरही सवयीने रांग धरून बसतात.

मागच्या आठवड्यात तो परत आला. दगड मांडायची पाळी आली. सहा तुकडे, आळीपाळीने तीन-तीन. त्याने स्वतःचे तिन्ही माझ्या कडेपासून टप्पा दोनच्या रेषेवर एका ओळीत लावले, एकमेकांत नियमाला लागतं तेवढंच, टप्पा एकहून किंचित जास्त अंतर ठेवून. गल्ली मोकळीच होती, पण गल्लीतून बाहेर पडायच्या दारांवर पहारा बसला होता.

“आता कुठून वळशील, दादा?”

मी पट्टी मागितली. दोन दगडांत १०० मिलिमीटर आणि वर थोडंसं. माझी तीन यानांची छाती १४०. मावत नाही. मग दोन यानांची मोजली: ४०, १०, ४०. नव्वद. मी सहाही याने उचलली आणि या वेळी जोडी-जोडीने, त्यांची नाकं सरळ त्याच्याकडे करून मांडायला घेतली.